बोरिवली, ताडोबा आणि लोकांचे अभिप्राय

गेल्या पावसाळ्यात, ऑक्टोबरच्या सुट्टीसाठी ताडोबाचे कोणते प्रवेशद्वार निवडावे या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी गूगल मॅप्सवरचे अभिप्राय वाचायला घेतले. मोहर्लीचे वाचून झाले, कोलाऱ्याचे झाले, नवेगावचे झाले, आणि निर्णय होऊन आरक्षण केल्यानंतरही वाचणे थांबले नाही. माझे बालपण चंद्रपुरात गेले असल्यामुळे ताडोबा माझ्या आठवणीत आधीपासून आहे. लग्नानंतर मी ठाण्यात राहते आणि येऊरचा डोंगर, म्हणजेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची बाजू, माझ्या घराच्या गच्चीतून दिसते. साहजिकच ताडोबाचे वाचता वाचता मी बोरिवलीचेही, म्हणजे याच उद्यानाचेही, वाचू लागले. इन्स्टाग्राम, यूट्यूबखालच्या प्रतिक्रिया, फेसबुकवरचे निसर्गप्रेमींचे गट असा पसारा वाढत गेला आणि शेवटी एक दोनशे पानी वही घेऊन मी रकाने आखले: लिहिणारा कुठून आला असावा, कशाची तक्रार आहे, कशाचे कौतुक आहे, कोणत्या प्राण्याचे नाव आले आहे, आणि ‘जंगल’ हा शब्द आला आहे की नाही.

या उद्योगाला शास्त्रीय अभ्यास म्हणण्याचा माझा दावा नाही, परंतु अशा प्रकारचे अभ्यास जगभर गंभीरपणे होतात हे मला त्या निमित्ताने कळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात ३१ देशांतील ८३६ ठिकाणांची आकडेवारी घेऊन, फ्लिकरवर लोकांनी टाकलेल्या छायाचित्रांवरून तेथे किती पर्यटक येतात याचा बऱ्यापैकी विश्वासार्ह अंदाज बांधता येतो, असे दाखवण्यात आले. त्यानंतर २०१७ साली फिनलंड आणि दक्षिण आफ्रिका येथील ५६ राष्ट्रीय उद्यानांबाबत इन्स्टाग्राम, फ्लिकर आणि ट्विटर यांची तुलना झाली. गर्दीच्या उद्यानांत हे माध्यम चांगले काम देते, तुरळक पर्यटक येणाऱ्या उद्यानांत मात्र अंदाज ढासळतो, असे तेथे आढळले. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात तर पर्यटकांना प्रश्नावली देऊन विचारलेली आवड आणि त्यांच्यासारख्यांनी समाजमाध्यमांवर टाकलेल्या छायाचित्रांतून दिसणारी आवड यांची तुलना करण्यात आली, आणि दोहोंत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे लोकांना न विचारताही त्यांना काय आवडते ते कळू शकते, आणि तेही अत्यल्प खर्चात. अडचण अशी की हे दार आता अर्धे मिटले आहे. फेसबुक वापरणाऱ्यांच्या माहितीच्या गैरवापराचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण गाजल्यानंतर २०१८ साली इन्स्टाग्रामने बाहेरच्या अभ्यासकांना मिळणारी माहिती आखडती घेतली आणि २०२३च्या सुरुवातीला ट्विटरनेही फुकट मिळणारी सोय बंद केली. त्यामुळे हौशी माणसाकडे डोळे आणि वही एवढीच साधने उरतात, आणि माझ्यापुरते सांगायचे तर ती पुरेशी निघाली.

पहिला धडा नावाचा मिळाला. मुंबईच्या या उद्यानाचे अधिकृत नाव १९९६पासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे आहे, पण त्या नावाने शोध घेतला की सरकारी घोषणा, बातम्या आणि शाळेच्या सहलींची छायाचित्रे एवढेच प्रामुख्याने हाती लागते. पश्चिम उपनगरांतील माणूस ‘नॅशनल पार्क’ एवढेच म्हणतो, जणू देशात दुसरे नाहीच. ठाणेकर ‘येऊर’ म्हणतो आणि सकाळच्या फेरफटक्याचे छायाचित्र टाकताना आपण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत उभे आहोत हे त्याच्या ध्यानीमनी नसते. लेण्यांसाठी येणारा ‘कान्हेरी’ लिहितो. एकाच सलग वनाचे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या क्षेत्राचे, समाजमाध्यमांवर असे तीन-चार तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याबद्दलचे लोकमत निराळे असते. कोणता शब्द टाकून शोधले यावर उत्तर ठरते, ही गोष्ट कोणत्याही संशोधकाला नवी नसेल. परंतु येऊरच्या पायथ्याशी पंधरा वर्षे राहून मला ती नवी होती, कारण मीसुद्धा येऊरला जाताना ‘नॅशनल पार्कात जाते’ असे कधी म्हटलेले नव्हते.

‘नॅशनल पार्क’ या नावाखाली जमलेले अभिप्राय वाचताना असे वाटते की लोक एका मोठ्या बागेबद्दल लिहीत आहेत. वाहनतळाला जागा नाही, तिकिटाची रांग लांब आहे, भाड्याच्या सायकलींचे ब्रेक लागत नाहीत, सोमवारी बंद असते हे कुणी आधी सांगितले नाही, माकडांनी पिशवी पळवली, प्रवेशद्वारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आहे आणि चालवत नाही. ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात रुळांचे नुकसान झाल्यामुळे बंद पडली, तिच्याबद्दलची हळहळ त्यानंतरच्या अभिप्रायांत इतक्या वेळा येते की एखाद्या परक्या वाचकाला हे उद्यान मुख्यतः एका आगगाडीसाठी राखले आहे असे वाटावे. मला ही हळहळ खोटी वाटत नाही. आई-वडिलांचा हात धरून त्या गाडीत बसलेली माणसे आता आपल्या मुलांना घेऊन येतात आणि त्यांच्या दृष्टीने ते उद्यान म्हणजे ती गाडीच असते. पण तुळशी आणि विहार हे दोन तलाव या वनाच्या कुशीत आहेत, त्यांचे पाणी आजही मुंबईच्या नळांना येते, आणि विहार तर १८६० सालापासून शहराची तहान भागवत आला आहे, याचा उल्लेख माझ्या वहीत शोधूनच सापडतो. पाण्याच्या बिलावर उद्यानाचे नाव नसते, म्हणून असेल.

याच बागेत बिबटे आहेत हे लोकांना ठाऊक नसते असे नाही, मात्र ती जाणीव वेगळ्या खात्यात जमा झालेली असते. बिबट्या उद्यानाच्या अभिप्रायांत क्वचित येतो. तो येतो तो एखाद्या सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या चित्रफितीत: रात्रीचे अडीच वाजलेले, वाहनतळात शांतपणे चालणारी आकृती, कोपऱ्यात भुंकणारा कुत्रा. अशा चित्रफितीखालच्या प्रतिक्रिया मी तारखेनुसार वाचत गेले. जुन्या चित्रफितींखाली पिंजरा लावा, पकडून दूर सोडा, हे सूर ठळक होते. अलीकडच्या चित्रफितींखाली, तोच सूर असला तरी, त्याला लगेच उत्तर देणारे निघतात: तो त्याच्या वाटेने जातो आहे, कचरा उघड्यावर टाकू नका म्हणजे कुत्री जमणार नाहीत, मुलांना रात्री एकटे सोडू नका. ही उत्तरे आपोआप उगवलेली नाहीत. २००४च्या जून महिन्यात या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसे मृत्युमुखी पडली तेव्हा शहर हादरले होते. बिबट्याला एका जागी पकडून दुसरीकडे सोडल्याने संघर्ष घटण्याऐवजी वाढू शकतो, ही गोष्ट वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या कामातून पुढे आली आणि २०११ साली वन विभागाने नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला. पत्रकारांशी, पोलिसांशी, सोसायट्यांशी बोलण्यावर त्यात भर होता. आज ज्या प्रतिक्रिया मी वाचते त्यांतील वाक्ये मला ओळखीची वाटतात ती त्या वर्षांतल्या पत्रकांमुळे. लोकमत बदलते, आणि समाजमाध्यमांवर ते बदललेले पाहताही येते. मात्र ते कशामुळे बदलले हे त्या माध्यमाच्या बाहेर जाऊन शोधावे लागते.

आता ताडोबा. १९५५ साली घोषित झालेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, आणि १९९५ साली अंधारी अभयारण्यासह झालेला व्याघ्र प्रकल्प. तेथील अभिप्रायांची भाषा पूर्णपणे वेगळी आहे. ‘बाग’ कुठेच नाही, ‘सायटिंग’ सर्वत्र आहे. पाच तारे मिळाले असतील तर वाघ दिसला असे समजावे आणि एक तारा असेल तर दिसला नाही, इतका हा हिशेब रोखठोक आहे. क्वचित एखादा अभिप्राय पाच तारे देऊन रानकुत्र्यांच्या टोळीबद्दल, अस्वलाबद्दल किंवा उन्हाळ्यात पानगळ झालेल्या सागवनातल्या शांततेबद्दल लिहितो, आणि तो वाचताना लिहिणाऱ्याला शोधून चहाला बोलवावेसे वाटते. वाघ न दिसलेल्यांचा रोष गाईडवर, सफारीच्या जिप्सी गाडीच्या चालकावर, प्रवेशद्वारावर, क्वचित वन विभागावरही निघतो, जणू वाघाची हजेरी लावणे हे त्यांच्यापैकी कुणाचे तरी काम आहे. हा रोष अडाणीपणाचा आहे असे म्हणून मी त्याची हेटाळणी करणार नाही. चार जणांच्या कुटुंबाने रेल्वेची तिकिटे, राहण्याचा खर्च, जिप्सीचे भाडे आणि प्रवेशशुल्क भरलेले असते, आणि त्यांना हा प्रवास विकताना दाखवलेले प्रत्येक छायाचित्र वाघाचे असते. अपेक्षा त्यांनी स्वतः निर्माण केलेली नाही. समाजमाध्यमांनीच ती त्यांच्या हातात दिली आणि आता त्याच माध्यमांवर ते ती मोडल्याची तक्रार नोंदवत आहेत. म्हणून हे अभिप्राय म्हणजे उद्यानाबद्दलचे मत कमी आणि उद्यानाच्या जाहिरातीबद्दलचे मत अधिक, असे मी वहीच्या समासात लिहून ठेवले.

ताडोबाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, जी माझ्या लक्षात यायला उशीर लागला. २०१८च्या डिसेंबरपासून तेथे सफारीत मोबाईल फोन नेण्यास मनाई झाली. म्हणजे त्यानंतर जंगलातून बाहेर आलेली बहुतेक छायाचित्रे कॅमेऱ्याने घेतलेली, आणि वाघाचा डोळा स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे मोठ्या लेन्सने घेतलेली. ज्याच्याकडे असा कॅमेरा नाही तो प्रवेशद्वाराच्या कमानीखाली उभा राहून घेतलेले छायाचित्र टाकतो आणि घरी परततो. मनाई योग्य आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाघ समोर असताना दहा जिप्सींतून फोन वर येतात आणि चालक एकमेकांना ठावठिकाणा कळवत सुटतात, तेव्हा काय होते ते आपण पाहिलेले आहे. परंतु छायाचित्रे मोजून लोकांना काय आवडते हे ठरवणाऱ्याने ही मनाई ध्यानात घेतली नाही, तर महागड्या लेन्स बाळगणाऱ्या मूठभरांची आवड तो सर्व पर्यटकांच्या नावावर मांडेल. त्यात भर म्हणजे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोअर क्षेत्राच्या, म्हणजे कडक संरक्षण असलेल्या गाभ्याच्या, जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटनाला मुभा आहे. समाजमाध्यमांवरील छायाचित्रांचा नकाशा काढला तर कोअरचा उरलेला भाग पांढरा दिसेल, आणि तो पांढरा दिसणे हेच त्या नियमाचे यश असेल.

मोबाईलबद्दल बोलायचे तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, जे राष्ट्रीय उद्यान नसले तरी पर्यटनाची रीत तीच आहे, एफ-२ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत पसरली, लोक संतापले, वाहनचालक आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या चित्रफितीखालच्या प्रतिक्रिया मी जवळजवळ सगळ्या वाचल्या. संताप खरा होता. परंतु माझ्या वहीतील एक जुनी नोंद मला तेव्हा उघडून पाहावीशी वाटली: गाडी वाघाच्या अगदी जवळ नेणाऱ्या चालकांचे नाव घेऊन, त्यांच्याचकडे आरक्षण करा असे सुचवणारे पाच तारे किती जणांनी दिले होते. संतापणारे आणि तारे देणारे वेगळे असतील, एकही नाव दोन्हीकडे नसेल, पण चालकाला रोजचा धडा मिळतो तो ताऱ्यांकडून, आणि न्यायालयाची दखल वर्षातून एकदा येते.

मध्यंतरी, हे सगळे हाताने करण्याऐवजी संगणकाकडून का करून घेत नाहीस, असे माझ्या पुतण्याने विचारले. मजकूर वाचून त्यातील भाव अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ ते सांगणाऱ्या प्रणाली आता सहज मिळतात, आणि मराठीसाठी तर पुण्याच्या ‘एल३क्यूब’ या गटाने २०२१ साली सुमारे १६ हजार मराठी ट्वीट्स अशा तीन गटांत लावून एक संच खुला करून ठेवला आहे. पुतण्याने असली एक प्रणाली माझ्या नोंदींवर चालवून दिली. निकाल पाहून आम्ही दोघेही हसलो. ‘बिबट्या आला’ हे दोन शब्द तिला प्रतिकूल वाटले, आणि ते लिहिणाऱ्या मुलाला आनंदाने झोप लागली नव्हती. ‘वा, काय सोय केली आहे, तीन तास उन्हात उभे राहण्याची’ हे तिला कौतुक वाटले. मराठी माणूस रोमन लिपीत लिहितो, मध्येच हिंदीत जातो, शेवटी इंग्रजी शब्द टाकतो आणि वर एक हसरा चेहरा चिकटवतो, ज्याचा अर्थ हसणे असा मुळीच नसतो. दोष प्रणालीचा नाही. राजकारणावर आणि चित्रपटांवर बोलताना आपण जे शब्द वापरतो ते जंगलाच्या संदर्भात उलटे होतात, एवढेच. ‘भीती वाटली’ हे उपाहारगृहाबद्दल लिहिले तर वाईट, आणि रात्री वाघाची डरकाळी ऐकून लिहिले तर तो प्रवास सार्थकी लागला असे समजावे.

या सगळ्यापेक्षा मोठी उणीव मला ताडोबाला प्रत्यक्ष गेल्यावर जाणवली. बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावातला गाईड आमच्याबरोबर होता. सकाळच्या फेरीनंतर चहा पिताना मी त्याला माझ्या वहीबद्दल सांगितले आणि गावातले लोक वाघाबद्दल कुठे लिहितात असे विचारले. तो म्हणाला, “आमच्या गावच्या ग्रुपवर फोटो कमीच येते ताई, आवाजच येते. कोणत्या नाल्याजवळ दिसला, तिकडे कोणाची गुरं आहेत, एवढंच.” व्हॉट्सॲपच्या त्या बंद गटात दहा-बारा सेकंदांचे ध्वनिसंदेश फिरतात. मोहफुले वेचायला पहाटे निघणाऱ्या बायांसाठी, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात शिरणाऱ्यांसाठी, रात्री धानाला पाणी द्यायला जाणाऱ्यांसाठी ते असतात. त्याला कुणी तारे देत नाही, त्यावर ठिकाणाची खूण नसते, आणि कोणत्याही अभ्यासकाची प्रणाली तेथे पोचत नाही. पोचू नये, असेच मला वाटते, कारण तो गट लोकमत कळवण्यासाठी नाही, जीव वाचवण्यासाठी आहे.

हे ऐकताना मला २०१८ आठवले. यवतमाळ जिल्ह्यातल्या टी-१ किंवा ‘अवनी’ या वाघिणीला १३ जणांच्या मृत्यूला जबाबदार धरले गेले होते. तिला ठार करू नये म्हणून त्या वर्षी समाजमाध्यमांवर देशभरातून, परदेशातूनही, हजारो लोक लिहीत होते. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली तेव्हा तो शोक आणखी वाढला. त्याच वेळी राळेगाव परिसरातल्या गावांत फटाके फुटले आणि मिठाई वाटली गेली, हे वर्तमानपत्रांतून कळले, लोकांच्या स्वतःच्या लिखाणातून नव्हे. त्या आठवड्यातले समाजमाध्यमांवरचे लोकमत कुणी आज मोजायला घेतले, तर निकाल जवळजवळ एकतर्फी येईल आणि गणिताच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. ती वाघीण नरभक्षक होती की नाही, तिला बेशुद्ध करून पकडता आले असते की नाही, या वादात मी येथे शिरत नाही. ज्यांच्या शेताच्या बांधावर ती फिरत होती त्यांचे म्हणणे त्या मोजणीत बसलेच नाही, एवढेच मला नोंदवायचे आहे.

बोरिवलीतही हेच आहे, फक्त अंतर कमी आहे. उद्यानाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. वारल्यांचा वाघोबा हा देव आहे, त्यात वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात, आणि त्याच्याशी वागण्याचे काही नियम त्यांनी घालून घेतलेले आहेत. माझ्या वहीत पाड्यांचा उल्लेख दोन प्रकारे येतो: एक तर ‘अतिक्रमण’ म्हणून, किंवा चित्रांच्या कार्यशाळेची जाहिरात म्हणून. पाड्यावरच्या माणसाने स्वतः लिहिलेले मला काही सापडले नाही. ते कुठे तरी असेलही, पण ज्या शब्दांनी मी शोधत होते त्या शब्दांत ते नक्कीच नव्हते. ज्या जागेत आपले घर आहे तिला कुणी ‘नॅशनल पार्क’ म्हणून कशाला शोधेल, हे मला फार उशिरा सुचले.

ऑक्टोबरमध्ये आम्हाला ताडोबात वाघ दिसला नाही. एक भलामोठा गवा दिसला, तलावाकाठी मगर पडलेली दिसली, आणि एका वळणावर गाडी थांबवून गाईडने सांबराचा धोक्याचा इशारा ऐकवला. परतल्यावर फोनने अभिप्राय मागितला, तेव्हा किती तारे द्यायचे यावर आमच्या घरात जेवण होईपर्यंत चर्चा चालली. मुलाचे म्हणणे तीन, नवऱ्याचे चार. मी गाईडबद्दल, सांबराच्या इशाऱ्याबद्दल आणि मगरीबद्दल सविस्तर लिहिले, वाघाचे नाव कुठेही येऊ दिले नाही, आणि तारे न देता पाठवण्याचा प्रयत्न केला. तारे दिल्याशिवाय मजकूर स्वीकारता येत नाही, असे उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊरला फिरायला गेले. पाऊस संपून गवत पिवळे पडू लागले होते आणि पायवाटेच्या ओल्या मातीत बिबट्याचा ठसा होता, ताजा, माझ्या तळहाताएवढा. मी छायाचित्र घेतले. ते टाकताना फोनने ठिकाण विचारले आणि आजूबाजूची नावे सुचवली: दोन उपाहारगृहे, एक बंगला, एक क्रिकेटचे मैदान आणि एक मंदिर. उद्यानाचे नाव त्या यादीत नव्हते. मी ठिकाणाची जागा रिकामी ठेवली, आणि ते बरेच झाले, असे ठसा कुणाचा हे आठवल्यावर वाटले.